दोन रिव्हॉल्व्हर आणि एक होकार

आमच्या घरात दोन रिव्हॉल्व्हर आहेत, आणि त्यांना सगळ्यात जास्त घाबरतो तो मी.

गैरसमज नको. मी सोलापुरातल्या एका पतसंस्थेत कारकून आहे, जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि माझ्याच स्कूटरचा हॉर्न जोरात वाजला तरी दचकतो (वाजवलेला मीच असतो!). दोन्ही रिव्हॉल्व्हर नकली आहेत. ठासणीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नकला, म्हणजे काडतुसाऐवजी चाकातल्या घरांमध्ये काळी दारू ठासायची, तसल्या. त्यातली जुनी नक्कल आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. करकंबला जत्रेत गावकऱ्यांचं नाटक व्हायचं, तेव्हा शेवटच्या अंकात खलनायक धुरासकट मरावा म्हणून गावच्या लोहारानं ती घडवली होती. दारू भरली की आवाज आणि धूर. गोळीचा प्रश्नच नाही. पुढं नाटकं बंद पडली, खलनायक म्हातारे झाले, पण रिव्हॉल्व्हर आप्पांच्या ट्रंकेत राहिलं. आप्पा आमच्याकडे राहायला आले तेव्हा दोन धोतरं आणि हे एवढंच सामान घेऊन आले. दर खंडेनवमीला कोयता-कुऱ्हाडीशेजारी त्याची पूजा व्हायची. त्याच्यामुळंच घरात चोर आला नाही, असं आप्पांचं मत होतं. (आमच्या घरात चोरानं येऊन काय न्यावं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.)

नवी नक्कल आणली बबननं. बबन माझा मेव्हणा, मंगळवेढ्यात त्याचं दुकान आहे. आप्पांचं रिव्हॉल्व्हर काळं पडलेलं बघून त्याला दया आली आणि नवरात्रात येताना त्यानं तसलंच नवंकोरं, चकचकीत, लाल मखमलीच्या पेटीतलं रिव्हॉल्व्हर आणलं. सोबत नेहमीप्रमाणे ज्वारीच्या दोन पिशव्या होत्याच.

आता खंडेनवमीला पूजा कुठल्याची करायची? एरवी आम्ही हा वाद आनंदानं आठवडाभर चालवला असता. पण त्याच दिवशी पाहुणे येणार होते. माझी मुलगी प्राची आणि तिच्या ऑफिसातला निखिल यांचं एकमेकांत ठरलेलं होतं, फक्त मोठ्यांची मान हलायची राहिली होती. निखिलचे वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मध्यस्थाकडून एकच गोष्ट विचारली होती, की घर शांत आहे ना? प्राचीनं मला बजावलं, "बाबा, प्लीज, त्या दिवशी काही गडबड करू नका." घरात आप्पा बसलेले असताना तिनं हे माझ्याकडे बघून म्हणावं, याचं मला वाईट वाटलं. पोरीचा जीव त्या होकारात अडकलेला दिसत होता. माझी झोप उडाली.

बायको म्हणाली, या वर्षी एकही नको. त्यावर आप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि करकंबच्या एसटीची वेळ विचारली. बबननं तोडगा काढला, की नव्याची पूजा करू, ते खेळण्यासारखं दिसतं, कुणी घाबरणार नाही.

"नव्याला कशापायी पुजायचं?" आप्पा म्हणाले. "त्यानं अजून केलंय काय?"

"मग जुन्यानं तरी काय केलंय?" मी विचारलं.

"गावातलं समदं खलनायक मारल्यात त्यानं."

मी आपलं पतसंस्थेच्या वॉचमनला गाठून विचारलं, की असल्या वस्तूला परवाना लागतो का? तो म्हणाला, वाजत असेल तर चौकशी करा, आणि वाजत नसेल तर ठेवलंय कशाला? म्हणजे दोन्हीकडून मीच गोत्यात.

शेवटी मी मधला मार्ग काढला. सकाळी पाटावर नवं ठेवायचं. पाहुणे गेले की दिवस मावळायच्या आत आप्पांच्या खोलीत जुन्याची पूजा करायची. तोवर जुनं मी लपवणार. कुठं लपवणार, हे मी कुणालाच सांगितलं नाही. गुपित एकाच्याच पोटात राहावं, असं माझं तत्त्व आहे! स्वयंपाकघराच्या दारामागं ज्वारीच्या त्या दोन पिशव्या होत्या. त्यातल्या लहान पिशवीत अगदी तळाशी रिव्हॉल्व्हर खुपसलं, सुतळीनं तोंड बांधलं आणि हात झटकले.

पाहुणे आले. हेडमास्तर सर, त्यांच्या बाई आणि निखिल. पाटावर विळी, अडकित्ता, माझ्या स्कूटरचे पाने आणि झेंडूच्या फुलांत नवं रिव्हॉल्व्हर. सरांनी वाकून चष्म्यातून निरखलं. त्यांनी काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं, की ते नकली आहे, शोभेचं आहे, मेव्हण्यानं दिलंय, आणि मी प्राचीला लहानपणी चापटसुद्धा मारलेली नाही. (हे शेवटचं कशाला सांगितलं, देव जाणे.)

"असं आणखी काही आहे का घरात?" सरांनी सहज विचारलं.

"छे छे, एवढंच."

आप्पा मोठ्यानं खाकरले. मी घाईघाईनं सरांच्या बशीत पोहे वाढले. बाकी सगळं छान पार पडलं. बाईंना प्राची आवडल्याचं दिसत होतं. दसरा झाला की कळवतो, असं सर म्हणाले आणि उठले. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायची आमच्या बायकोची पद्धत नाही. तिनं ज्वारीची एक पिशवी दारात आणून ठेवली. त्या आनंदात ती मी स्वतः उचलली, तीन मजले खाली नेली आणि सरांच्या गाडीच्या डिकीत ठेवली. जरा जड लागली. "मंगळवेढ्याची ज्वारी बघा सर," मी अभिमानानं म्हणालो, "दाणा भरदार असतो."

दिवस कलायला लागला तसं आप्पांनी परत आंघोळ केली, पाटावर बसले आणि म्हणाले, "आण." मी दारामागं गेलो. तिथं एकच पिशवी होती, मोठी. मी उगाचच तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. नुसती ज्वारी.

"अगं, लहान पिशवी कुठंय?"

"त्यांना दिली की मघाशी. तुम्हीच नाही का खाली नेलीत?"

काय झालं ते मी सांगितलं तेव्हा बबन गॅलरीत निघून गेला (हसायला गेला, हे मागाहून कळलं). प्राची मात्र ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी सरांना फोन लावला.

"सर, ज्वारीची पिशवी उघडली का?"

हळूच उत्तर आलं, "उघडली."

"मग... आतलं बघितलंत?"

"बघितलं."

"त्याला कुणी हात लावू नका. पोलिसांना वगैरे सांगायची काही गरज नाही. मी स्वतः येतो."

अशा प्रसंगातही मी किती शांतपणे बोललो, याचं मला कौतुक वाटलं. प्राची डोळे पुसून म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्ता त्यांना धमकी दिलीत."

स्कूटर काढली. आप्पा हट्टानं मागं बसले, वस्तू त्यांची होती. सर होटगी रोडला राहतात. बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ज्वारीचा ढीग आणि ढिगावर रिव्हॉल्व्हर. बाई चाळण छातीशी धरून भिंतीला टेकलेल्या. मी तोंड उघडणार तोच सरांनी हात जोडले.

"आमचा होकार आहे. दसऱ्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही."

"अहो सर, ते नकली आहे," मी म्हणालो.

आप्पांना हे लागलं. "नकली कसं? ठासणीचं हाय, पाव्हणं. दारू भरली की अजून बी वाजतंय."

बाई खाली बसल्या. आप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन उतरत होतं, आणि घरी पोचेपर्यंत दिवस मावळला असता. त्यांनी हळद-कुंकू मागितलं. ते इतक्या वेगानं आलं की तसं आमच्या घरी कधी आलेलं नाही! मग सरांच्याच टेबलावर, सरांच्याच घरातलं कुंकू आणि झेंडू घेऊन आप्पांनी जुन्या रिव्हॉल्व्हरची यथासांग पूजा केली, उरलेलं कुंकू सरांच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, लई ब्येस झालं. सर हलले नाहीत.

घरी येऊन होकाराची बातमी सांगितली, तर प्राचीचा चेहरा पडला. भीतीपोटी दिलेला होकार मला नको, म्हणाली. तिचंही खरं होतं. मी रात्रभर विचार केला आणि दसऱ्याच्या दिवशी सोनं द्यायच्या निमित्तानं सरांकडे गेलो. बरोबर पुरावा म्हणून नवं रिव्हॉल्व्हर नेलं आणि जुनंही. दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचं, की बघा, एकाच घडणीच्या दोन नकला. पिशवीतून एक काढलं, मग दुसरं काढलं. सरांच्या कपाळावर घाम आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जुनं सापडलं त्या दिवशी नव्याचा हिशेब ते विसरले होते. त्याची मी आठवण करून दिली होती.

"दोन्ही वाजतात का?" त्यांनी अदबीनं विचारलं.

शेवटी निखिलनंच प्राचीची समजूत घातली. लग्न झालं, चांगलं झालं. प्राची तिथं सुखात आहे. पण व्याही मला बघितलं की ताडकन उठून उभे राहायचे आणि मी बसल्याशिवाय बसायचे नाहीत. लोकांना वाटायचं, काय मान आहे! मला मात्र आतून खात राहायचं, की या माणसानं माझी पोर भिऊन तर सून करून घेतली नाही?

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मी वरणभात कालवत असताना वरून पाल पडली, ताटाशेजारीच. पुढचं मला नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो, आणि बाईंच्या सांगण्यावरून, किंचाळत होतो. सरांनी केरसुणी आणली, पाल गॅलरीत लोटली, परत आले आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले. मग मी उभा असताना पहिल्यांदाच ते खाली बसले. आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"अहो व्याही," हसू आवरून ते म्हणाले, "होकार तर तुमच्या जिन्यातच ठरला होता. पोरगी आम्हाला फार आवडली होती. पिशवी उघडल्यावर मात्र नकार द्यावा असं मनात आलं, पण तुम्हाला तो सांगणार कोण, तेवढं ठरेना."

वर्षभराचं ओझं उतरलं. डोळे भरून आले. त्यांना कडकडून मिठी मारावी असं वाटलं, पण त्यासाठी खाली उतरावं लागलं असतं. म्हणून मी खुर्चीवरूनच त्यांना म्हणालो, गॅलरीचं दार नीट लागलंय का, ते आधी बघून या.