दुसरा फिल्टर

आमच्या सोसायटीत मी फिल्टरवाली म्हणून ओळखली जाते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की दार बंद होताहोताच विचारतं, "तो एअर प्युरिफायरचा धुवायचा फिल्टर परवडतो का हो? की दर वेळी नवा टाकलेला बरा?" मी सांगते, "परवडतो. पण एकच घ्या, दोन घेऊ नका." दोन का नकोत हे सांगेपर्यंत माझा मजला येतो आणि ते राहूनच जातं. म्हणून इथे लिहिते.

बाबा गेल्यावर मी आईला भाईंदरला माझ्याकडे आणलं. मराठवाड्यातल्या आमच्या गावी धाकटा भाऊ आहे, घर आहे, तो तिला काही कमी पडू देत नव्हता. तरी मीच हट्ट धरला. ती आली एक निळी, चेनची बॅग घेऊन. मी कपाटातला मधला कप्पा रिकामा करून ठेवला होता, खाली नवं वर्तमानपत्रही घातलं होतं. ते बघून ती म्हणाली, "राहू दे बाई. लेकीच्या घरी कप्पा मांडून काय बसायचं? दोन-चार महिने राहीन अन् जाईन." बॅग पलंगाखाली सरकली. लुगडं काढायचं ते बॅगेतून, धुऊन वाळलं की घडी करून परत बॅगेत. पौर्णिमेला विहारात नेसायचं पांढरं पातळही तिथेच, अगदी तळाशी. दोन-चार महिन्यांची दोन वर्षं झाली, पण बॅग काही रिकामी झाली नाही. कपाट उघडलं की तो मोकळा कप्पा माझ्याकडे बघायचा. मला ती जायला नको होती. साठीला टेकलेल्या बाईने आईचा पदर धरून बसावं याचं मलाच हसू येतं, पण जे होतं ते होतं.

तिला इथे धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, तिच्या खोलीची खिडकी. भाईंदर पूर्वेला बिल्डिंगा एकमेकींना इतक्या खेटून आहेत की समोरच्या घरातल्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो. आईच्या खिडकीसमोर एका गुजराती म्हातारीची खिडकी होती. सगळे तिला बा म्हणत, म्हणून आम्हीही बा म्हणू लागलो. बा विचारायच्या, "आजे शुं बनाव्युं?" आई सांगायची, "शेपूची भाजी अन् भाकर." त्या गुजरातीत, ही मराठवाडीत. कळलं नाही तर भाजीची जुडीच उचलून दाखवायची. सकाळची भाजी निवडून संपायची, तरी त्यांचं बोलणं संपायचं नाही.

मग बांच्या पलीकडची जुनी बिल्डिंग पाडायला घेतली. आमच्याकडे हे चालूच असतं, एक पाडून होते तोवर दुसरीला पत्रे लागतात. दिवसभर धडधड, आणि धूळ अशी की टेबलावर बोटाने नाव लिहावं. दोरीवरचं आईचं पांढरं पातळ दोनदा राखाडी होऊन आत आलं. पाठोपाठ तिला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, "खिडक्या बंद ठेवा, धुळीपासून जपा." भाऊ फोनवर म्हणाला, "आईला इकडं पाठव. इथली हवा चांगली हाय." आणि आईने मान डोलावली. ती मान डोलावलेली बघून माझं धाबंच दणाणलं. दुसऱ्याच दिवशी मी एअर प्युरिफायर घेऊन आले.

मी कचेरीत काम करणारी बाई. कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. मशीनबरोबरचं सूचनापत्रक मी दोनदा वाचलं. आतला फिल्टर कागदी, घड्याघड्यांचा, आणि तो 'धुऊ नये' असं ठळक छापलेलं. महिना-दीड महिन्याने झाकण काढून मी तो आईला दाखवला. "बघ, ही सगळी धूळ तुझ्या छातीत गेली असती." आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येते तर बाथरूममध्ये टब, टबात साबणाचं पाणी आणि पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा लगदा!

माझा पारा चढला. "अगं, असं काय केलंस? तो धुवायचा नसतो!"

"काळाकुट्ट झाला होता," आई शांतपणे म्हणाली. "घाण झालेली वस्तू धुवायची नाही तर कामून ठेवायची?"

आमचे हे नुकतेच निवृत्त झालेले. दिवसभर घरातच असतात. मी त्यांच्याकडे वळले, तर ते पेपरामागे गेले. त्या दिवशी मी खूप बोलले. पण रात्री जेवताना मला तिचंच म्हणणं पटायला लागलं. वापरायचा आणि फेकायचा, परत नवा आणायचा, परत फेकायचा, हे माझ्याही जिवावर येतच होतं. चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा कळलं की त्याच मशीनला बसणारा धुवायचा फिल्टर मिळतो. मी तो आणला.

त्याचे नियम सोपे. साध्या पाण्याखाली धरायचा, साबण नाही, घासणं नाही, सावलीत खडखडीत वाळवायचा. पहिल्यांदा मीच घाई केली. वरून कोरडा वाटला म्हणून बसवला, तर खोलीभर ओल्या पायपुसण्यासारखा वास. सूचना वाचणाऱ्या बाईची चांगलीच जिरली. म्हणून मी कडक नियम केला, पूर्ण वाळेपर्यंत मशीन बंद म्हणजे बंद. खाडीजवळची आमची दमट हवा, त्यात वाळायला अख्खा दिवस जायचा.

"मशीन बंद तर मग खिडकी उघडू का थोडी?" आईने विचारलं. "कोंडल्यावाणी होतंय."

मी म्हटलं, उघड.

तेव्हापासून फिल्टर धुणं हे आईचं काम झालं. मी करू म्हटलं तर मला हात लावू देईना. पहिल्या महिन्यात एकदाच धुतला. मग पंधरा दिवसांनी, मग आठवड्याला, पुढे पुढे मी कचेरीतून यावं आणि फिल्टर गॅलरीतल्या स्टुलावर उभा असावा, असं आठवड्यातून दोनदा-तीनदाही व्हायला लागलं. खोकला कमी होत गेला. आई जेवायला लागली, बोलायला लागली, आणि एका पौर्णिमेला तर ती मजल्यावरच्या शेजारणीला घेऊन रिक्षाने विहारात जाऊन आली. गावाचं नाव तिने महिनाभर काढलं नव्हतं. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते. कचेरीत सगळ्यांना सांगत होते, "धुवायचाच घ्या, आमच्या आईचा खोकला पळाला."

आणि मग मी शहाणपणा केला. सूचनापत्रक पुन्हा वाचताना दिसलं की फार वेळा धुतला तर जाळी सैल होते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक एक्स्ट्रा ठेवा. एक सुखेगा तब तक दुसरा चलेगा, मशीन बंदच करायला नको." मला हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं. मी दुसरा फिल्टर घेतला, घरी येऊन आईसमोर धरला आणि म्हटलं, "आता एक मिनिटही मशीन बंद राहणार नाही. खिडकी उघडायची गरजच नाही!"

"बरं झालं," आई म्हणाली.

तिचा चेहरा पडला होता. ते मला आज आठवतं, त्या वेळी दिसलं नाही. मी दुसरा फिल्टर बसवण्यात गुंग होते.

पुढचे पंधरा दिवस घर कसं एकदम सूचनापत्रकाबरहुकूम चाललं. मशीनवर हिरवा दिवा, खिडकी बंद, आई पलंगावर. काढलेला पहिला फिल्टर तसाच, न धुता पडून राहायला लागला. "धुतेस ना गं?" विचारलं की म्हणायची, "धुईन की, घाई काय हाय?" मग एका संध्याकाळी मी आल्यावर ती म्हणाली, "धाकट्याला फोन लाव. न्यायला ये म्हणावं. लई दिवस झाले."

मी भडकले. खरं म्हणजे घाबरले होते, पण मला घाबरताना भडकायची सवय आहे. "काय कमी आहे इथे? खोकला गेला, हवा चांगली झाली, आणखी काय करू मी?"  आईने माझ्यापुढे फोन धरला. भावाने रविवारी येतो म्हणून सांगितलं. आईने बॅग पलंगाखालून थोडी पुढे ओढून ठेवली.

शनिवारी मी स्टेशनजवळ भाजी घेत होते, तर तिथे बा. खिडकीबाहेर त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. खिडकीत वाटायच्या त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या निघाल्या. त्यांनी माझा दंड धरला. "बेटा, माँ की तबियत ठीक नहीं क्या? अब फिल्टर नहीं धोती?"

मी म्हटलं, तब्येत ठीक आहे. पण फिल्टरचं तुम्हाला कसं माहीत?

"फिल्टर धोती है तब तो खिडकी खुलती है," बा म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. पाडकामाची बाजू बांच्या दुसऱ्या खिडकीतून दिसते. काम बंद असलं, मलब्यावर पाणी मारून धूळ बसली की बा आपल्या ग्रिलवर लाल नॅपकिन टाकायच्या. नॅपकिन दिसला की आई उठायची, मशीन बंद करायची, फिल्टर काढून नळाखाली धरायची आणि खिडकी उघडायची. धडधड सुरू झाली की दोघी आपापली खिडकी लावून घ्यायच्या. फिल्टर घाण झालेला असो नसो. "मैं तो पंद्रह दिन से रोज नॅपकिन डालती हूँ," बा म्हणाल्या.

घरी येताना मला राग आला होता, आणि तो सगळा माझ्यावरच होता. पंधरा दिवस एक म्हातारी समोर लाल फडकं टाकत होती, दुसरी काचेआडून ते बघत होती, आणि मी दोघींच्या मध्ये हिरवा दिवा लावून ठेवला होता. दारातच ह्यांना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला वाटलं तुलाही माहीत आहे," हे म्हणाले आणि पुन्हा पेपरामागे गेले.

आई पलंगावर बसली होती. बॅग तिच्या पायाशी. मी सरळ मशीन बंद केलं, झाकण काढलं, दुसरा फिल्टर बाहेर काढला. धुऊन वाळवण्याएवढा धीर नव्हता, वरची धूळ तेवढी झटकली.  मी तो त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि आईच्या हातात दिला. म्हटलं, "हा नको. एकच पुरे. पहिला तू धू, नेहमीसारखा. वाळेपर्यंत मशीन बंद."

आईने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. समोर ग्रिलवर लाल नॅपकिन होताच.

"अन् हा दुसरा कुठं ठेवायचा?" तिने विचारलं.

"बघ बाई तूच. घरात जागा कुठे आहे?"

 मग वाकून तिने बॅगेची चेन उघडली. एकेक लुगडं काढून पलंगावर रचलं, चोळ्या काढल्या, टॉवेल काढला, तळाचं पांढरं पातळ काढलं. फिल्टर आत आडवा ठेवला, चेन लावली आणि पायाने बॅग पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलली.

"तो कपाटातला मधला कप्पा रिकामाच हाय ना अजून?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.  ती कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून कपाटाकडे गेली, आणि मी भावाला फोन लावून सांगितलं की उद्या यायचं तर दोन दिवस राहायला ये, न्यायला येऊ नकोस.