बंड्याचा सोमवार

“मॅडम, रविवारी बंड्याला वरसाव्याला सोडून येतोय. शेतघर आहे एकाचं, तो सांभाळेल.” संदेशने हे सांगितलं आणि त्याच्या आईने, राणेकाकूंनी, तोंड भिंतीकडे वळवलं. बंड्या म्हणजे त्यांचा लॅब्रॅडॉर. टेबलाखाली बसून स्वतःचे पाय चावत होता. पोट लाल, काखा सोललेल्या, कानांना वास. घरात रांगणारी नात, सूनबाई वैतागलेली. संदेशचंही काही चुकत नव्हतं.

माझा भाईंदर पूर्वेला प्राण्यांचा दवाखाना आहे. जेसल पार्कची ही मंडळी माझ्याकडे येण्याआधी बरीच इंजेक्शनं करून झाली होती. स्टेरॉइड दिलं की खाज थांबते, असर उतरला की पुन्हा सुरू. काकूंना ते नको होतं, नैसर्गिक काहीतरी सांगा म्हणाल्या. खोबरेल, कडुलिंब, हळद लावून झालंच होतं. खोबरेल बंड्याने चाटून साफ केलं. अहो, लॅब्रॅडॉर तो, दुसरं काय करणार?

मी म्हटलं, वरून काय लावता ते राहू द्या, आत काय जातं ते बघू. पिसवा आणि बुरशी मी आधीच निपटली होती, तरी खाज होतीच. आता फूड ट्रायल. म्हणजे कुत्र्याने आजवर कधीच न खाल्लेलं अन्न दोन महिने द्यायचं आणि दुसरं काहीही नाही. कातडी भरून आली तर दोष जुन्या खाण्यात. बंड्याने चिकन, अंडी, भात सगळं खाल्लं होतं. मासा मात्र काटा लागेल म्हणून काकूंनी कधी दिला नव्हता. तेव्हा ठरलं, काटे काढलेले उकडलेले बोंबील आणि रताळं. तेही वजनाप्रमाणे मोजून, कारण मोठ्या जातीचं कुत्रं अंगाने सुटलं की सांधे आधी जातात. संदेशने ट्रायल संपेपर्यंत वरसावं पुढे ढकललं.

बंड्या जरा सुधारायचा, की पुन्हा बिघडायचा. मी वॉचमनवर संशय घेतला, लिफ्टमध्ये गाठिया भरवणाऱ्या शेजारच्या भाईंवर घेतला. काकू भडकल्या. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं तो खात नाही आणि मी वेगळं काही देत नाही, असं ठणकावून सांगितलं. खोटं बोलणारे मालक मला बरोबर कळतात. काकू खोटं बोलत नव्हत्या. माझं डोकं चालेना.

मुदत संपली आणि ते एका मंगळवारी आले. पोट परत लाल. मी काकूंना म्हटलं, कालचे बोंबील कसे केलेत, तेवढं सांगा.

“काल कुठले बोंबील? काल सोमवार होता ना.”

“मग?”

“आमच्याकडे वार असतो. सोमवार, गुरुवार, शनिवार. मासा शिजत नाही. त्याला दूधभात देते. तोही पाळतो हो सगळं.”

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी कपाळाला हात लावला. आठवड्यातून तीनदा दूध! पण त्यांच्या लेखी वाराचं जेवण म्हणजे वेगळं काही नव्हतंच. माझ्या माहेरीही गुरुवार पाळतात, त्यामुळे रागावणार तरी कोणत्या तोंडाने? मी एवढंच म्हटलं की हे असं चालू राहिलं तर बंड्या बरा होणार नाही. संदेशने वरसाव्याला फोन लावायला मोबाइल काढला.

काकूंनी त्याचं मनगट धरलं. मग म्हणाल्या, “ठेव तो फोन. वार माझा आहे. त्याने कुठे नवस बोललाय?”

आणि ट्रायल पहिल्यापासून सुरू झाली. बाल्कनीत इंडक्शन आला, पातेलं वेगळं. वाराच्या दिवशी काकू आधी बंड्याचे बोंबील उकडायच्या, मग आंघोळ करून देवासमोर बसायच्या. मधे श्रावण लागला. मासेमारी बंद म्हणून त्यांनी फ्रीझर आधीच भरून ठेवला होता. जी बाई श्रावणात लसणाला हात लावत नाही, तिच्या फ्रीझरमध्ये मासे! सूनबाई म्हणाली, मी उकडते. काकूंनी तिला हात लावू दिला नाही. साधी गोळी वेळेवर न देणारे मालक मी रोज बघते, त्यामुळे मला या बाईचं फार फार कौतुक वाटलं.

बंड्याच्या पोटावर केस आले. मग मुद्दाम थोडं दूध देऊन बघितलं, लगेच खाज. चोर सापडला. चिकन, भात एकेक करून परत सुरू केले, कॅल्शियमची जोड दिली, कारण एवढ्या देहाला नुसता मासा कायमचा पुरत नाही. वरसाव्याच्या माणसाचा अजून फोन येतो. संदेश उचलत नाही.

मी काकूंना म्हटलं, आता वाराला त्याला बिनदुधाचा डाळभात द्या, बाल्कनीतला खटाटोप बंद करा.

“नको,” काकू म्हणाल्या. “सोमवारी बोंबील असतात, हे त्याला कळलंय आता. सकाळपासून बाल्कनीच्या दारात बसतो. त्याचा वार मी कशी मोडू?”

तेव्हापासून तुमचा कुत्रा काय खातो, एवढंच विचारून मी थांबत नाही. कुठल्या वारी काय खातो, तेही विचारते.