एम.ए. झालेल्या मारुतीची दहावी

मारुतीच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी आष्टीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करत होतो. "सर, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?"... पाच आठवडे झाले, अजून त्या प्रश्नाची लाज वाटते.

मारुती आमच्या शाळेतला शिपाई. आई-बाप ऊसतोडीला जायचे, त्यात सातवीतच याची शाळा सुटली. पण गड्याची हौस दांडगी. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा देऊन त्यानं थेट बी.ए.ला नाव घातलं, मग एम.ए. केलं, तेही पहिल्या वर्गात. दहावी मात्र नव्हतीच! मी मराठीचा मास्तर, नुसता बी.ए., बी.एड. झालेला. स्टाफरूममध्ये माझ्यापुढं कप ठेवताना हा हसायचा, "सर, तुमी बी.ए., मी एम.ए. उद्यापासून चहा कुणी आणायचा, ते एकदा ठरवू." बाकीचे खो खो हसायचे. मी चिडायचो, खरंच चिडायचो. आणि एखादी कविता अडली की गुपचूप त्यालाच विचारायचो.

मग शाळेत कारकुनाची जागा निघाली. शिक्षण खात्याच्या साहेबांनी त्याचं एम.ए.चं प्रमाणपत्र उलटून पालटून पाहिलं आणि विचारलं, "दहावी कुठंय?" नियमात दहावी लिहिलंय म्हणजे दहावीच, ती झाली की जागा तुझी. बावन्नाव्या वर्षी मारुतीनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. "लोक उलट्या बाजूनं शिकत न्हाईत का, सर? मी शिकलो. लई झालं तर हसतील," म्हणाला.

मार्चमध्ये परीक्षेचं केंद्र आमचीच शाळा होती, आणि बीजगणिताच्या पेपरला त्याच्या वर्गावर मी. एक तास संपत आला. मारुतीनं घड्याळाकडं पाहिलं, पेन ठेवला, उठला आणि माझ्यादेखत बाहेर गेला. घंटेपाशी त्याच्या बदलीचा माणूस हातोडी घेऊन उभाच होता. यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि टोल दिला! वीस वर्षांची सवय हो, दुसरं काय... दारात परत आल्यावर त्याच्या ध्यानात आलं. चेहरा एकदम उतरला. "सर..." म्हणाला.

"न विचारता बाहेर गेलास, मारुती. आता आत घेता येत नाही," मी म्हणालो आणि त्याची उत्तरपत्रिका उचलली. भरारी पथक येणार अशी कुणकुण होती, हे खरं. पण चहाची ती थट्टाही तेव्हा मनात होती का? मला कळत नाही. देवाशप्पथ कळत नाही.

गणितात तो तीन मार्कांनी नापास झाला. मी भेटायला गेलो तर उलट मलाच म्हणाला, "तुमी बरोबर केलं, सर. नियम म्हंजे नियम." मनापासून म्हणाला की मला बरं वाटावं म्हणून, तेही उमगलं नाही. जुलैत त्यानं फेरपरीक्षा दिली. निकालाला चार दिवस उरले असताना छातीत कळ आली, आणि बीडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गुणपत्रिका मीच घेऊन गेलो. खिडकीखाली त्याची पत्र्याची पेटी तशीच होती, अभ्यासाचं टेबल म्हणून वापरलेली. वर चष्मा, शेजारी टोक केलेल्या तीन पेन्सिली. वहिनींनी कागद हातात घेतला नाही. म्हणाल्या, "गणितात किती, तेवढं सांगा."

"अठ्ठ्याहत्तर."

"बघा! येत होतं त्यांना," त्यांचे डोळे भरून आले. पदरानं ते पुसून म्हणाल्या, "मग मार्चला काय झालतं, सर? मी लई खोदून इचारलं. येळ पुरला न्हाई, एवढंच म्हणायचे."

म्हणजे त्यानं घरात माझं नावसुद्धा काढलं नव्हतं. मी त्या पेन्सिलींकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "हो, वेळच पुरला नाही." वहिनी, तुम्ही वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. वेळ पुरला असता. एक तास शिल्लक होता, आणि दारात मी उभा होतो.