इन्स्पेक्शनचे चाकू

ईशान्येकडे पूरमदतीसाठी आमची इंजिनिअर कंपनी पाठवली, तेव्हा मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान आणि दोन रबरी बोटी. सकाळी साडेपाचला फॉल-इन, सहाला बोटी पाण्यात, अंधार पडायच्या आत परत. दुपारी पुरी-भाजीचं पाकीट मिळायचं. ते बहुधा बोटीत बसवलेल्या लोकांच्या पोटात जायचं.

निघण्याआधी स्टोअरमधून दहा नवे चाकू मिळाले होते. न मिटणारे, जाड पात्याचे, मुठीच्या टोकापर्यंत एकच लोखंड. आता फौजेबाहेरच्यांना एक सांगायला हवं. फौजेत इन्स्पेक्शनचं सामान वेगळं आणि वापरायचं वेगळं. इन्स्पेक्शनच्या मगाला कोणी तोंड लावत नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. या कामात मी पटाईत होतो. दहाही चाकू ग्रीस लावून, कागदात गुंडाळून पेटीत ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी लान्स नायक दत्ता घुगे माझ्याकडे आला. सिन्नरकडचा, चोवीस वर्षांचा, सेक्शनमध्ये पोहण्यात एक नंबर.

"उस्ताद, नवा चाकू घेऊ का? माझा गाळाने जाम झालाय."

"गुरुवारी इन्स्पेक्शनला कमांडिंग ऑफिसर येणारेत. आहे त्याच चाकूला तेल घाल."

"जी, उस्ताद."

त्याने आपल्या मिटणाऱ्या चाकूत तेल घातलं. तेलावर गाळ आणखीच बसतो. मी खारबावचा, खाडीकाठी वाढलेला. मला हे कळायला हवं होतं.

अकरा चाळीसला परतताना बोटीत सात गावकरी होते. पाण्याखालचं मासेमारीचं जाळं इंजिनच्या पंख्यात अडकलं. दत्ता सोडवायला उतरला. प्रवाहाच्या जोराने जाळं त्याच्या दोन्ही पायांना गुंडाळलं आणि त्याला खाली ओढून घेतलं. मी त्याचं लाइफ जॅकेट धरलं. डोकं पाण्याखालीच राहिलं. माझा वायरलेस ऑपरेटर सेटवर बोलू लागला.

"चार्ली फॉर अल्फा. बोट अटकी है. एक जवान पानी के नीचे. ओव्हर."

"अल्फा. जाल काटो. ओव्हर."

माझा चाकूही मिटणारा. तो उघडेना. नखाने ओढला, दाताने ओढला, दाताचा कपचा उडाला. ऑपरेटरच्या चाकूचंही तेच. तेवढ्यात बोटीतल्या एका म्हातारीने गाठोड्यातून दाव काढून पुढे केला. दाव म्हणजे तिकडचा कोयता. काळा पडलेला, बांबूच्या मुठीचा. जॅकेट ऑपरेटरच्या हाती देऊन मी पाण्यात वाकलो. तिसऱ्या घावाला जाळं तुटलं.

दत्ताला वर घेतलं. मी त्याची छाती दाबत राहिलो. काठावर डॉक्टरांनी माझा हात धरून थांबवलं, तेव्हा बारा पंचवीस झाले होते.

गुरुवारी इन्स्पेक्शन झालं. दहाही चाकू चकाकत होते. साहेबांनी शाबासकी दिली. ती मला शिवीसारखी लागली. दुपारी कंपनी कमांडरपुढे उभा राहून सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते चाकू जवानांच्या कमरेला लागले.

निवृत्त होऊन गावी आलो. पावसाळ्यात खाडीचं पाणी खालच्या आळीत शिरतं, म्हणून गावाने बोटीचं पथक उभं केलंय. वैशाली पाटील त्याची प्रमुख. गेल्या वर्षी चाकू घ्यायचे ठरले, तेव्हा तिने मोबाइलवर एक चाकू दाखवला. मिटणारा, झकपक.

"काका, यो बगा. होकायंत्र पन हाय यानं."

"आपल्याच खाडीत हरवणार आहेस का?"

ती हसली. "मंग कनचा घेऊ?"

मी सांगितलं. मिटणारा नको, सांधा आला की गाळ आला. पातं जाड, पंजाएवढं, खाऱ्या पाण्याला टिकणारं आणि मुठीतून आरपार गेलेलं. अर्धी धार साधी, अर्धी दातेरी, म्हणजे ओला दोर निसटत नाही. टोक बोथट, नाहीतर आपलीच बोट फोडाल. मूठ रबराची, केशरी. म्यान प्लास्टिकचं, तळाशी भोक असलेलं. चामडं पाणी पिऊन कुजतं. काम झालं की गोड्या पाण्याने धुवायचा आणि पुसायचा. याहून जास्त लाड मागणारा चाकू घ्यायचाच नाही.

तसे बारा चाकू आले. वैशालीने ते पंचायतीच्या कपाटात रचायला घेतले.

"पाऊस लागला का काढू. आता कशाला खराब करायचं?"

माझं डोकं फिरलं. सगळे चाकू उचलून खाडीवर नेले, मुठीपर्यंत चिखलात खुपसले. मग पथकातल्या प्रत्येकाला त्याच चाकूने जुनी जाळी कापायला लावली.

"काका, नवंकोरं होतं!"

"आता न्हाईत."

मग मी तिला दत्ताचं सांगितलं. पोरगी थोडा वेळ चाकू धूत राहिली.

"त्याच्या आईला म्हाईत हाय? त्यानं मागला होता त्ये?"

माहीत आहे. सुट्टी मिळाली तसा आधी सिन्नरकडे गेलो होतो. ओसरीवर बसून त्या माउलीला म्हणालो, त्याने चाकू मागितला होता, मी दिला नाही. वाटलं, हाकलून देईल. द्यायलाच हवं होतं. ती आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आता कोणी मागितला, तर नाही म्हणू नका."