तीन पानं, एक बादली आणि गासचे जाडे चिरूट

आमच्या घरात सहलीला जायची पद्धत नाही. लग्नाला, बारशाला, दवाखान्यात जातात. त्यामुळे मी आईला शनिवारी सकाळी म्हटलं, "चल, गासला जाऊ," तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "कोण आजारी आहे?"

कोणीच आजारी नव्हतं. मी वसई पूर्वेला एका मसाल्याच्या कारखान्यात चव तपासण्याच्या खोलीत काम करते. बी.एस्सी. झाले, घरातली पहिलीच. माझ्या शेजारच्या टेबलावर रोझलिन बसते. एकदा डब्याच्या वेळी ती सहज बोलून गेली की तिचे सासरे, पास्कलकाका, गासच्या घरी चिरूट वळतात. आखूड, अंगठ्यापेक्षा जाड. विकत नाहीत. वर्षाला दोनच वळतात, एक स्वतःसाठी आणि एक मित्रासाठी. एका चिरुटाची चव कशाकशानं ठरते हे ते तासभर सांगू शकतात, आणि घरातलं कोणी आता ऐकत नाही.

मी म्हटलं, मी ऐकते.

आईला बरोबर नेण्याचं कारण वेगळं होतं. आईनं सिन्नरला तीस वर्षं विड्या वळल्या. मला नोकरी लागली, मी तिला विरार पूर्वेला फुलपाड्याच्या भाड्याच्या घरात आणलं आणि पहिल्याच आठवड्यात तिचं सूप, पानं कापायचा पत्र्याचा साचा, कात्री, सगळं भंगारवाल्याला दिलं. मला फार अभिमान वाटला होता त्या दिवशी. तंबाखूचा तिच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो ते मी तिला कागदावर आकृती काढून समजावलं होतं. तिनं ऐकून घेतलं. नंतर सहा महिने ती दुपारी गॅलरीत बसून मांडीवरच्या पदराचं टोक वळत राहिली. मला वाटलं, गावाकडच्यासारखं अंगण आणि झाडं पाहिली की बरं वाटेल तिला.

फुलपाडा ते गास

अंतर दहा-बारा किलोमीटर. माझी जुनी स्कूटर, मागे आई, आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चार पोळ्या आणि "कोणाकडे जाताना रिकाम्या हातानं कसं" म्हणून पाव किलो पेढे. उड्डाणपुलावरून विरार पश्चिमेला उतरायचं, मग सोपाऱ्याच्या बाजूनं गासचा रस्ता धरायचा. स्कूटर नसेल तर नालासोपारा पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा मिळते. गाव सांगून चालत नाही, आळीचं नाव सांगा, नाहीतर रिक्षावाला चर्चपाशी सोडून देतो.

सोपाऱ्याला आम्ही चहा आणि वडापाव घेतला. दोघींचं मिळून शंभराच्या आत. इमारती संपल्या की अचानक हवा बदलते. दोन्ही बाजूंना केळी, मध्ये भाजीचे वाफे, बावखल म्हणतात त्या तळ्यातलं हिरवं पाणी, एखाद्या वळणावर पांढरा क्रूस आणि त्याला घातलेला ताजा हार. रस्त्याकडेच्या टोपलीत सुकेळी दिसली तर थांबा. वसईची वाळवलेली केळी, मधासारखी लागतात. आम्ही एक पुडी घेतली आणि गासला पोचेपर्यंत ती संपली. पोळ्या तशाच परत आल्या.

पोट, गंजी आणि लग्नाचा कोट

पास्कलकाका जहाजावर खानसामा होते. एकदा जहाज दुरुस्तीसाठी एका परदेशी बंदरात अडकलं, आणि धक्क्यामागच्या गल्लीत चिरूट वळणाऱ्या एका बाईच्या दारात ते रोज जाऊन बसायला लागले. भाषा येत नव्हती. पाहून पाहून शिकले.

"चिरुटाला तीन भाग," त्यांनी ओटीवर बसवून सुरुवात केली. "पोट, गंजी आणि लग्नाचा कोट. पोट म्हणजे आत भरलेली पानं. गंजी म्हणजे ती धरून ठेवणारं पान. आणि कोट म्हणजे वरचं. लोक फक्त कोट बघतात."

"पप्पा, माझ्या लग्नात तुमचा कोट कोणी बघितला नाही," आतून रोझलिन.

"कारण तू रडत होतीस."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवलं. चिरूट जाड असला की पोटात जास्त पानं मावतात: एक तिखट, एक मऊ, एक नुसतंच नीट जळणारं. बारीक चिरुटात वरच्या पानाचीच चव पुढे येते, जाड्यात सगळ्यांची मिळून. "मोठ्या टोपात केलेलं कालवण आणि वाटीभर केलेलं, फरक नाही का?" आखूड असला की धुराला वाट कमी, त्यामुळे चव लवकर येते, ताटकळत ठेवत नाही. पण खरी चव त्याच्याही आधी ठरते. पान उन्हात वाढलं की जाड आणि कडक होतं, सावलीत वाढलं की पातळ आणि सौम्य. मग ते सावकाश वाळवायचं, थर लावून ठेवायचं, आत ऊब धरली की उलटायचं. घाई केली तर जीभ सोलते.

पोटाची आणि गंजीची पानं निपाणीकडून येतात. कोटाची मात्र काका स्वतः लावतात, मागच्या वाडीत, नागवेलीच्या मांडवाखाली. वेलीची सावली, खालची रेताड माती, वरून खारा वारा. दरवर्षी चार-पाच रोपं. गेल्या खेपेला किडीनं खाल्ली आणि कोटाला चालतील अशी तीनच पानं हाती आली. वर्षभर जपून ठेवली होती ती. काकांनी ती बिस्किटाच्या डब्यातून काढून सुपात ठेवली. तपकिरी, पातळ, पापडासारखी.

"उद्या जन्याबरोबर ओढायची," ते म्हणाले. जनार्दनकाका हा त्यांचा जहाजावरचा सोबती, नायगावचा. बत्तीस वर्षं दोघं वर्षातून एका रविवारी खाडीकाठी बसून एकेक चिरूट ओढतात. "पुढल्या महिन्यात मुलगा त्याला पुण्याला नेतोय. म्हणजे उद्याचा शेवटचा."

"डॉक्टरांनी वर्षाला एक ओढायला परवानगी दिलीय?" मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

"डॉक्टरनं एकही नाही दिली. एक माझी मी घेतली."

मग ते मला मांडव दाखवायला मागे घेऊन गेले. आई म्हणाली, मी बसते इथंच.

बादली

आम्ही परत आलो तेव्हा ओटीवर सूप रिकामं होतं. आई बादलीजवळ उकिडवी बसली होती आणि बादलीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं.

विडीचं तेंदूपान कोरडं असलं की वळताना तडकतं. म्हणून ते भिजवतात. तीस वर्षं, रोज संध्याकाळी, आईनं पानं पाण्यात भिजवली आहेत. सुपात कडक पानं दिसली, बाजूला बादली दिसली, आणि तिच्या हातांनी आपलं काम केलं. पण तंबाखूच्या पानाला फक्त दमट हवा दाखवायची असते. बुडवलं की त्यातलं तेल आणि डिंक पाण्यात उतरतात, आणि सगळी चव त्यातच असते.

रोझलिन दारात येऊन उभी राहिली, बादलीकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"कडक झाली होती, भाऊ," आई म्हणाली. "मला वाटलं वळायच्या आधी..."

मी घाईघाईनं बोलले. "काका, सॉरी, खरंच सॉरी. तिला यातलं काही कळत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग बादलीकडे.

काकांनी खाली वाकून एक पान बोटांवर उचललं. हात थरथरत होता, वयाचा थरथराट, मी आधी लक्षच दिलं नव्हतं. ते मला म्हणाले, "कळतं तिला. तिच्या पानाचं कळतं. हे पान तिचं नाही एवढंच." आणि आईला विचारलं, "बाई, तुमच्याकडे पान जास्त भिजलं तर काय करता?"

आईनं बादलीतलं एक पान दोन बोटांत धरून पाहिलं.

"जुनं धोतर आहे का?" ती म्हणाली. "धुतलेलं. आणि दोन पाट. उन्हात नाय न्यायची, वाऱ्यात नाय. कापडात घालून पाटाखाली दाबायची, आणि कापड दर तासाला बदलायचं."

"धोतर आमच्याकडे कुठलं," काका म्हणाले. "रोझलिन, माझी जुनी लुंगी आण."

आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. जेवायला कोंबडीचं आंबट-तिखट इंद्याल आणि भाकरी होती, पण आई दर तासाला उठून कापड बदलत होती, जेवतानासुद्धा. पोळ्या आणल्यात हे सांगायचीही मला लाज वाटली. येताना स्कूटरवर तिनं पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

रविवार, कात्री

दहाला पुन्हा गास. पाट उचलले. एक पान मधोमध फाटलं होतं. दोन शाबूत होती, रंग उतरलेली आणि फार नाजूक.

काकांनी पोट आणि गंजी बांधून ठेवली होती. पहिलं पान त्यांनी हातात घेतलं, बोटं थरथरली, कडेला बारीक चीर गेली. त्यांनी ते खाली ठेवलं आणि पाट आईपुढे सरकवला.

"मला नाय जमायचं, भाऊ. माझ्यामुळंच..."

"माझ्यानं तर नक्कीच नाही जमणार. बसा."

आईनं पदर खोचला, पिशवीत हात घातला आणि कात्री काढली. तीच. पितळी मुठीची, अंगठ्याजवळ चिंधी गुंडाळलेली. मी भंगारात दिलेली. भंगारवाल्याकडून ती तिनं कधी परत घेतली, मला पत्ताच नव्हता.

तिनं चिरेच्या कडेनं पान असं कापलं की चीर गेली आणि पान पुरलं. मोजलं नाही, पट्टी नाही. मग वळायला लागली आणि काका ओरडले, "घट्ट! घट्ट होतंय, ताई! विडी नाही ती! आत हवेला वाट द्या, नाहीतर जन्या ओढता ओढता वर जाईल!"

"मग आधी सांगायचं ना!" आई त्यांच्यावर खेकसली. सहा महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

तिनं उलगडलं, पुन्हा वळलं. सैल. काका दोन बोटांनी दाबून बघत होते, पिकलेल्या चिकूसारखं हवं म्हणत होते. दुसरा चिरूट पहिल्यापेक्षा चांगला झाला. टोक खळीनं चिकटवायचं असतं, पण काका खळ आणायला आत गेले तेवढ्यात आईनं सवयीनं दोन्हींना गुलाबी दोरा बांधून टाकला. विडीला बांधतात तसा. काकांनी ते पाहिलं आणि खळीची वाटी परत नेऊन ठेवली.

नायगाव

दोन स्कूटर, वसईमार्गे. पुढे रोझलिन, मागे काका, त्यांच्या मांडीवर बिस्किटाचा डबा. रविवारी दुपारी या रस्त्यावर गर्दी असते, वेळ हातात ठेवून निघा. जनार्दनकाका नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतात. घरात ओढायला बंदी. म्हणून खाडीकाठी, जिथून त्यांच्या वडलांची मिठागरं होती ती जमीन दिसते, तिथे दगडांवर बसले दोघं. आई आणि मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, धूर येणार नाही अशा.

जनार्दनकाकांनी डबा उघडला. "पास्क्या, ह्याला राखी कोनी बांधली?"

"ह्या ताईंनी. आणि आंघोळ पण घातली."

सगळी हकीकत सांगून झाली. जनार्दनकाका इतके हसले की ठसका लागला. "पानी? अख्खा पानी पाजला?" मग त्यांनी पेटवला. पहिला धूर सोडून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. आईच्या हातात पदराचं टोक होतं, पण ती ते वळत नव्हती, धरून बसली होती.

"काय रे?" पास्कलकाकांनी विचारलं.

"कोट फिका आहे," जनार्दनकाका म्हणाले. "कायच नाय त्याच्यात." आईची मान खाली गेली. "पन पोट ऐकू येतंय. बत्तीस वर्सं तुझा कोटच बोलत व्हता, पास्क्या. आत काय भरतोस ते आज कळलं." आणि धूर सोडून आईकडे वळले. "आनि ओढ कसली मस्त हाय, बाय. दर वर्साला ह्याच्या चिरुटानं माजं गाल आत जायचं."

"खोटं बोलतो," पास्कलकाका म्हणाले. पण त्यांचा स्वतःचाही सरळ, एकसारखा जळत होता, आणि ते त्याच्या राखेकडे कौतुकानं बघत होते. दोघांनी ते बोटं भाजेपर्यंत पुरवले. दोरे जनार्दनकाकांनी आधीच सोडून शर्टाच्या खिशात ठेवले होते. पुण्याला नेतो म्हणाले.

परत फुलपाड्यात

कोणी यावरून चिरूट ओढायला लागू नका. मी ओढला नाही, आईनं तर तीस वर्षांत एक विडीसुद्धा तोंडाला लावली नाही, आणि तंबाखूबद्दल माझं मत होतं तेच आहे. गासला मात्र जा. केळीच्या वाड्यांसाठी, सुकेळीसाठी, इंद्यालासाठी. अर्धा दिवस पुरतो. आम्हाला दीड लागला.

पास्कलकाकांनी आईला नागवेलीची पानं खुडून जुड्या बांधायला आठवड्यातून दोनदा बोलावलंय. त्यांच्या बोटांना आता जमत नाही. आई बुधवारी जाऊन आली. एकटी, शेअर रिक्षानं. आळीचं नाव तिनं स्वतः सांगितलं.

काल रात्री जेवताना मी तिला हा लेख वाचून दाखवला. बादलीपाशी आल्यावर तिनं मला थांबवलं.

"मी काय केलं ते लिहिलंस. भाऊ काय म्हणाले ते लिहिलंस. तू काय म्हणालीस ते कुठंय?"

मी ते गाळलं होतं. म्हटलं, लेख लांबत होता.

"लांबू दे," ती म्हणाली, आणि भाजीची पळी माझ्या ताटात रिकामी केली.

म्हणून ते वाक्य आता वर आहे, मी बोलले तसंच. कात्री स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. खिळा मी ठोकला.