बाकामागची भिंत

रंगारीकाकांनी रंगवलेल्या भिंतीकडे तीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचे. पण प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात त्यांचं घोडं अडलं. चार दिवसांत सगळा व्हरांडा लखलखीत झाला. बाकामागची दोनेक हात भिंत तेवढी तशीच राहिली.

तिथे डोक्याच्या उंचीवर एक तेलकट, काळपट पट्टा होता. आत कोणाची बायको, कोणाची लेक. बाहेर बाकावर जीव टांगणीला लागलेला माणूस. थकला की तो डोकं मागे टेकायचा. अशा शेकडो डोक्यांचं तेल त्या भिंतीने पचवलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्यातलं एक डोकं काकांचं होतं. आतून लेकीचं पहिलं रडणं ऐकू आलं तसे ते इतक्या घाईने उठले, की चपला बाकाखालीच राहिल्या. त्या लेकीचेच आता दिवस भरत आले होते.

मोठ्या सिस्टर रोज विचारायच्या आणि काका रोज नवी सबब काढायचे. कधी भिंतीला ओल, कधी प्रायमर संपलेला. परवा मोठे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मग काकांनी खरं काय ते सांगून टाकलं. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि डाग तो डागच, असं बजावून त्या वॉर्डात गेल्या.

काकांना फार वाईट वाटलं. पण काम ते काम. त्यांनी डाग घासला, प्रायमर मारला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऑइलपेंटचा शेवटचा हात दिला. ‘रंग ओला आहे’ अशी पाटी टांगली. पाटी न वाचता टेकू पाहणाऱ्या दोघांना चांगलं झापलंही.

ब्रश धुऊन होतो न होतो तोच जावई लेकीला घेऊन आला. तिला आत नेलं. जावई येरझाऱ्या घालू लागला, काका बाकावर बसले. एक तास गेला, दीड तास गेला. आतलं काही कळेना. काकांनी डोळे मिटले आणि डोकं मागे टेकलं.

“मुलगी झाली. दोघी छान आहेत,” सिस्टर दारातून म्हणाल्या.

काका ताडकन उठले. सिस्टर हसू दाबत त्यांच्या पाठीमागे बघत होत्या. गुळगुळीत भिंतीवर डोक्याएवढा ओबडधोबड गोल उमटला होता आणि काकांचे मागचे केस पिस्त्याच्या रंगाचे झाले होते. जावयाने तोंड फिरवून हसून घेतलं. काका डोळे पुसत ब्रश शोधू लागले.

“राहू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “साहेबांनी विचारलं तर सांगेन, रंगारी नवशिका होता.”

एरवी असं बोलणाऱ्याची काकांपुढे धडगत नसती.

“खुशाल सांगा,” ते म्हणाले, आणि चपला बाकाखालीच टाकून नातीला बघायला आत पळाले.