पिवळ्या पट्ट्याचा पक्षी

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता सांगून काय व्हायचंय — असं म्हणत इतकी वर्षं काढली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं शेत निफाडकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून. थंडीत पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात मी हरभरा पेरायचे. जागा सरकारी, पक्षी अभयारण्यातली. पेरू देत होते, इतकंच. हिमालयापलीकडे हिमनद्यांनी कोरलेली तळी आहेत म्हणे — तिथून पट्टकादंब, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, यायचे आणि सरळ हरभऱ्यात उतरायचे.

दशरथभाऊ तिथले रोजंदारीवरचे वॉचमन. एका सकाळी त्यांनी मला बांधावर बोलावून त्यातलाच एक पक्षी दाखवला. गळ्यात अभ्यासकांनी खुणेसाठी अडकवलेला पिवळा पट्टा, त्यावर अक्षरं. असा इथे पहिलाच, म्हणाले. मी दिलेला चहा निवला, तरी ते तिकडेच बघत होते. मग वनखात्याच्या साहेबांना कळवायला धावले.

साहेब यायच्या आत पक्षी मेला. कसा? द्राक्षबागेची जुनी जाळी मी हरभऱ्याभोवती लावली होती. मनाई आहे हे ठाऊक असून. तिच्यात तो गुरफटला. मी जाळी गुंडाळली, पक्षी बांधाखाली पुरला, पट्टा कापून घरी आणला. का आणला? माहीत नाही.

पण सांगायचंय ते हे नाही.

साहेब आले, दुर्बिणी आल्या. पक्षी दिसेना. साहेब म्हणाले, "दशरथ, सकाळी चहाच घेतला होता ना?" सगळे हसले. भाऊ माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही व्हत्या ना संगं? सांगा ना यांना."

नुसतं हो म्हणायचं होतं. पण मग — कुठे बसला होता, कुणाच्या हरभऱ्यात? जाळी निघाली असती. गाळातली जमीन गेली असती.

"मला कुठलं कळतंय, भाऊ," मी म्हणाले. "मला सगळी बदकंच दिसतात."

नंतरच्या थंडीत भाऊंना कामावर घेतलं नाही. पिंपळगावला कांद्याच्या गाड्या भरायला जाऊ लागले.

लग्नाकार्यात भेटतात. पोरांना पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात, आणि मी उठून पंगतीत वाढायला जाते — वाटतं, आता तो विषय काढतील. कधीच काढत नाहीत. त्यांना कळलंय का? की स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास गेला?

पट्टा गोधड्यांच्या पेटीत आहे. अक्षरं अजून वाचता येतात.

त्या सकाळी मी त्यांच्या शेजारी उभी होते. पक्षी मी पाहिला होता.